भिंग विरुद्ध कपाट

जालावरच्या ज्ञानकोशात फुकट राबणाऱ्या मंडळींची भांडणं बाहेरच्या माणसाला सांगायची सोय नाही. सांगितली तर तो आधी हसतो आणि मग आपल्याकडे जरा काळजीने बघतो. नदीवरच्या लेखाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असावी की नसावी, नदीची लांबी आणि उगम त्या चौकटीत लिहावा की साध्या वाक्यात सांगावा, यावरून दोन प्रौढ, घरदार असलेली माणसं वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत होती, हे कोणाला खरं वाटेल? पण येत होती. त्यातल्या एकाचं तिथलं नाव होतं भिंग आणि दुसरीचं कपाट.

कपाट म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे उभी राहणारी बाई. तिचा सगळा दिवस खणांसमोर जायचा. गोळ्या एकीकडे, मलमं दुसरीकडे, डोळ्यांत घालायचे थेंब थंड पेटीत. प्रत्येक खणावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर ठळक अक्षर. खिडकीपलीकडच्या माणसाला धीर नसतो, हे ती नोकरीच्या सुरुवातीलाच शिकली होती. "घाबरलेला माणूस वाक्य वाचत नाही, तो आकडा शोधतो," असं ती म्हणायची आणि हे औषधांना लागू असेल तर जगातल्या कुठल्याही गोष्टीला लागू आहे, असं तिचं ठाम मत होतं. नवरा चिडवायचा, "माझ्यावर कधी लावतेस चिठ्ठी?" ती म्हणायची, "लावली असती, पण उपयोग काय लिहू?"

भिंगचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि त्याची लेक. वडील आजारी पडले म्हणून शाळा अर्ध्यावर सोडून तो काचा घासायला बसला होता आणि तो बसला तो बसलाच. शिकायचं राहून गेलं याची खंत त्याला आयुष्यभर होती. ती त्याने ज्ञानकोशावर भागवून घेतली. गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या मागच्या टेबलावर संगणक उघडायचा आणि वाचत, लिहीत, दुसऱ्याचं लिहिलेलं नीट करत बसायचं. दुकानात तो काका होता, घरात बाबा होता. पण तिथे तो भिंग होता. लांबलांबची शिकलेली माणसं त्याला विचारायची, 'हे असं मांडलं तर चालेल का?' आणि तो सांगायचा.

त्याचं मत कपाटच्या बरोबर उलट. डोळा ओळीवरून चालत जातो, वाटेत चौकट आली की ठेचकाळतो, असं तो म्हणायचा. तिने एका नदीला चौकट घातली, त्याने ती काढली. कारण लिहिलं, 'नदी म्हणजे औषधाची बाटली नव्हे, वर चिठ्ठी चिकटवायला.' बिचाऱ्याला ती काय काम करते याचा पत्ताही नव्हता. तिला मात्र वाटलं, ह्याने आपली माहिती काढली. ती अशी भडकली की डबा तसाच ठेवून जेवणाच्या सुट्टीत तिने उत्तर ठोकलं, 'आणि वाचक म्हणजे तुमचं गिऱ्हाईक नव्हे, पायरी चढला की तासभर बसवून घ्यायला.' आता तो हादरला. ही बाई आपल्या दुकानात येऊन गेली की काय?

मग जुंपली. सकाळी त्याने काढायचं, दुपारी तिने घालायचं. नदी झाली, डोंगर झाले, सरोवरं झाली. तिने लिहिलेल्या ओळींवर तो पाणी फिरवायचा, त्याच्या परिच्छेदांचे ती तुकडे पाडायची. बाकीची संपादक मंडळी खुर्च्या ओढून गंमत बघायला बसल्यासारखी चर्चेच्या पानावर जमायची. शेवटी तिथल्या शिस्तीची जबाबदारी असलेला एक तरुण प्रचालक मधे पडला. नियमांवर बोट ठेवून बोलायची त्याची पद्धत, म्हणून सगळे त्याला पहारेकरी म्हणायचे. त्याने दोघांनाही काही दिवस नद्यांपासून लांब राहायला सांगितलं, आणि संपादकांचा मेळावा भरला तेव्हा दोघांना एका टेबलावर बसवलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली होती. भिंगने समोरच्या बाईकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कपाट? मला वाटलं होतं, कोणी निवृत्त हवालदार असेल."

"मला वाटलं होतं तुम्ही कवी असाल," ती म्हणाली. "पडलेले."

तो इतका मोठ्याने हसला की खालून वाचनालयाचा माणूस वर आला. त्या टेबलावर दोघांनी तह केला. नद्यांना, डोंगरांना, गावांना चौकट चालेल, हे त्याने मान्य केलं. माणसांना चौकट घालायची नाही, माणसाची ओळख वाक्यानेच करून द्यायची, हे तिने मान्य केलं. दोघांनाही आपण हरलो असं वाटत होतं, म्हणजे तह चांगला झाला होता. भिंगने ते सगळं स्वच्छ शब्दांत लिहून काढलं आणि ते पान पुढे 'मांडणीचे संकेत' म्हणून नव्या लोकांना दाखवलं जाऊ लागलं. अधूनमधून कोणी हौशी पोरगा ते मोडायला यायचा. मग हे दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे.

भांडण काही संपलं नाही. चित्राखालची ओळ केवढी असावी, शीर्षक ठळक असावं का, असल्या गोष्टींवर ते सुरूच राहिलं, पण आता त्यात गोडी आली होती. तिला जवळचं दिसेना झालं तेव्हा ती त्याच्याच दुकानात गेली. त्याने तिचे डोळे तपासले, स्वतः काचा घासल्या आणि चष्मा तिच्या नाकावर ठेवून म्हणाला, "आता तरी नीट बघून लिहा." घरी नवरा विचारायचा, "आज काय म्हणतोय तुझा वैरी?" आणि ती सांगत बसायची. खरं म्हणजे तिला सख्खा भाऊ नव्हता. असता तर तो असाच खोडसाळ असता, असं तिला वाटायचं, पण हे ती त्याच्याजवळ कधी बोलली नाही.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते एका नदीच्या लेखावर. तिथली चौकट गेली होती. काढणारा भिंग. तिने ती परत घातली आणि लिहिलं, 'संकेत पाहा.' त्याचं उत्तर आलं, 'हे संकेत कोणी लिहिले?' तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तिनेही लिहिलं, 'होता एक पडलेला कवी.' त्यावर काहीच आलं नाही. त्याच्यासारखा माणूस असली संधी सोडत नसे, हे तिला जरा खटकलं, पण औषधखिडकीसमोर रांग होती आणि ती विसरून गेली.

मग एका चित्रकाराच्या लेखात चौकट दिसली. जन्म, मृत्यू, शिक्षण, कलाकृती, सगळं खणाखणात. तिने नाव पाहिलं. भिंग. भिंगने चौकट घातली होती, आणि तीही माणसाला! खाली कारण लिहिलं होतं, 'घाबरलेला माणूस वाक्य वाचत नाही, तो आकडा शोधतो.'

तिला आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे पटलं नव्हतं ते अखेर पटलं, असं वाटून तिने नवऱ्याला हाक मारून ते दाखवलं. नवरा म्हणाला, "हे तर तुझंच वाक्य आहे." ती हो म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. भिंगने तिचं वाक्य तिच्या नावाशिवाय, स्वतःचं असल्यासारखं लिहिलं होतं. दुसऱ्याचा शब्द घेतला तर तिथल्या तिथे त्याचं नाव घेणारा माणूस तो.

त्यानंतर तो चौकटी घालतच सुटला. गायक, वैद्य, गणिती, कोणी सुटेना. एकाचं जन्मगाव दुसऱ्याच्या चौकटीत गेलं. जिवंत माणसासमोर मृत्यूचं वर्ष लागलं. एका शिल्पकाराच्या चौकटीत 'उगम' आणि 'लांबी' असे रकाने होते, आणि ते त्याने भरलेही होते. इतर कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. तिला हसू आलं नाही. कामावरून सुटल्यावर ती घरी न जाता सरळ चष्म्याच्या दुकानाकडे गेली.

काउंटरमागे लेक उभी होती. काचा घासायच्या यंत्रावर कापड घातलेलं होतं. ते कापड पाहूनच तिला निम्मं कळलं. लेक तिला आतल्या बाजूला घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली.

"एका आजींना भलत्याच काचा बसवून दिल्या बाबांनी. त्या जिन्यात पडल्या, मावशी. नशीब, हाड मोडलं नाही. मग डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे आता वाढतच जाणार."

"त्यांना माहीत आहे?"

"कधी असतं, कधी नसतं. यंत्राला हात लावू देत नाही मी. आता तेवढा संगणकच राहिलाय. तोही काढून घेतला तर दिवसभर काय करतील ते?"

वर खिडकीशी भिंग बसला होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, लेकीला चहा टाकायला सांगितला. त्या दिवशी तो अगदी पूर्वीसारखा होता. लेक खाली गेल्यावर तो म्हणाला, "कपाटबाई, माझं कुठेतरी घसरतंय. मला कळतं. नंतर ते कळलेलंही निघून जातं."

"वय झालं की होतं थोडं," ती म्हणाली.

"मला औषध देऊ नका उगाच. एक सांगतो ते ऐका. तिथे कोणाला सांगू नका. नकाशेवाल्याचं काय झालं, आठवतं ना?"

तिला चांगलं आठवत होतं. नकाशेवाला हा तिथला एक जुना, भला संपादक. स्वतःचा आजार त्याने प्रामाणिकपणे जाहीर केला होता. त्यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि मग कोणीतरी विचारलं की याच्या जुन्या लेखांवर तरी विसंबायचं कसं? बिघाड नेमका कधी सुरू झाला हे कोण सांगणार? म्हणून त्याने आयुष्यभरात हात लावलेल्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर पिवळी पाटी लागली, 'या लेखातील मजकूर विश्वासार्ह नसू शकतो, तपासणी बाकी.' तपासायला वेळ कोणालाच नव्हता. पाट्या तशाच राहिल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, तिथल्या कामाची रीतच ती. पाट्या लावाव्यात म्हणून भिंग आणि कपाट, दोघांनीही हात वर केला होता.

"माझ्या बापाने दुकान ठेवलं," भिंग म्हणाला. "मी तेवढं एक ठेवलंय. त्याच्यावर पाट्या नकोत."

"नाही लागणार," ती म्हणाली, आणि शब्द देऊन बसली.

त्यानंतर सकाळपाळी संपली की ती त्या वरच्या खोलीत जाऊ लागली. तो खिडकीशी त्याच्या संगणकावर बसायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून लेकीच्या संगणकावर. तो बिघडवायचा, ती मागोमाग निस्तरायची, त्याला दिसणार नाही अशा बेताने. मधेच तो विचारायचा, "तुम्ही काय लिहिताय?" ती म्हणायची, "नद्या." तो म्हणायचा, "छान. नद्यांवर कोणी लिहीत नाही." कधी तिला नावाने हाक मारायचा, कधी नुसतं 'अहो' म्हणायचा. एकदा त्याने स्वतःच अनेक वर्षांपूर्वी लिहिलेला, काचेवरचा सुंदर लेख उघडला, वाचला, आणि 'हा कोण पाल्हाळ लावणारा?' म्हणत अर्धा कापून टाकला. तो खाली चहाला गेल्यावर तिने एकेक परिच्छेद परत आणून बसवला. त्या दिवशी घरी जाताना तिला रस्ता नीट दिसत नव्हता.

पण ज्ञानकोशात काही लपत नाही. कोणी कधी काय बदललं, याची नोंद तिथे कायम राहते. भिंग आता कपाटचीच मतं मांडतो, तिचीच वाक्यं लिहितो, आणि त्याने काही केलं की कपाट लगेच तिथे पोचते, हे पहारेकऱ्याच्या नजरेत आलं. त्याने तपास केला तर दोन्ही खाती एकाच घरातून चालत असल्याचं दिसलं. तिथे एका गुन्ह्याला क्षमा नसते. दुसऱ्याच्या नावाने बोलायचं, एका माणसाने दोन तोंडं लावून चर्चा जिंकायची. त्याला कळसूत्री खातं म्हणतात. पहारेकऱ्याने सगळ्यांना दिसेल अशा पानावर प्रश्न टाकला, 'भिंग हे खातं कपाट चालवत आहे का?'

पानावर गर्दी जमली. वर्षानुवर्षांची ओळख असलेल्यांनी लिहिलं, 'भिंग माणसाला चौकट घालेल? शक्यच नाही. हे त्याचं काम नव्हे.' बिचारे त्याच्या बाजूने बोलत होते, आणि त्यांचा प्रत्येक शब्द कपाटवर उलटत होता. काहींनी तिलाही विनवलं, 'खरं काय ते सांगा, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवू.'

खरं सांगणं एका ओळीचं काम होतं. 'तो आजारी आहे, मी त्याच्या चुका निस्तरत होते.' ती लगेच सुटली असती, वर चार लोकांनी तिची वाहवा केली असती. आणि दुसऱ्या दिवसापासून भिंगच्या आयुष्यभराच्या कामावर पिवळ्या पाट्या लागल्या असत्या. काचेवरचा लेख, आकाशातल्या ताऱ्यांवरचे लेख, 'मांडणीचे संकेत'सुद्धा. उलट खातं चोरलं होतं असं ठरलं, तर चोरीच्या दिवसापासूनची संपादनं तेवढी काढून टाकली जातात आणि त्याआधीचं सगळं शाबूत राहतं. हाही तिथल्या कामाच्या रीतीचाच भाग.

नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? चोर म्हणतील तुला."

"म्हणू देत."

"अगं, तूही तितकीच वर्षं घातलीस तिथे."

"माझं काय, औषधांचे लेख. कोणी परत तपासले तर बरंच आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. लेकीला विचारलं असतं तर तिने हे करू दिलं नसतं, म्हणून तिला विचारलंच नाही.

तिने उत्तर लिहिलं, 'हो. त्यांचं खातं मी वापरलं.'

पहारेकऱ्याने तिथल्या शिरस्त्याप्रमाणे विचारलं, 'कोणत्या दिवसापासून?'

हा प्रश्न येणार हे तिच्या ध्यानातच नव्हतं आलं. फार अलीकडचा दिवस सांगितला तर आधीच्या चुका भिंगच्या नावावर राहतील, कोणाला तरी त्या सापडतील आणि पुन्हा शोध सुरू होईल. फार मागचा सांगितला तर त्याचं चांगलं काम उगाच पुसलं जाईल. म्हणजे भिंग पुरता भिंग होता असा शेवटचा दिवस तिलाच शोधून काढायला हवा होता. रविवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक ठेवून ती त्याच्या नोंदी आजपासून मागे वाचत बसली.

शिल्पकार, चित्रकार, ती नदी. घसरण तिथे थांबेल असं तिला वाटलं होतं, पण थांबेना. त्याच्याही आधी एका लेखात तोच परिच्छेद दोनदा आला होता. त्याआधी एका ताऱ्याचं अंतर चुकलं होतं. आपण तेव्हा रोज त्याच्याशी बोलत होतो, भांडत होतो, आणि आपल्याला काही दिसलं नाही, हे तिला फार लागलं. आणखी मागे गेल्यावर तिला स्वतःच्याच पानावर त्याने ठेवलेला एक निरोप सापडला. 'कपाटबाई, शाळेत जे राहिलं ते मी तुमच्याशी भांडून शिकलो. हे एकदा सांगायचं होतं.' तो निरोप आला होता त्या दिवशी ती औषधखिडकीमागे रडली होती. त्याने आयुष्यात तिला म्हटलेला तेवढाच एक चांगला शब्द. आणि त्याच दिवशी, त्या निरोपाच्या थोडं आधी, त्याने एका पर्वताची उंची समुद्राच्या लेखात नेऊन टाकली होती.

ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसली. हा निरोप भिंगचा होता की त्या घसरणीचा? तो मनापासून बोलला होता, की त्या बोलण्यावरही पाटी लावायची? विचारायचं कोणाला? नवरा येऊन शेजारी बसला. सीमारेषा त्या निरोपाच्या पलीकडे ओढायला हवी होती, त्याला इलाज नव्हता. तिने निरोपाच्या आदल्या दिवसाची तारीख लिहून पाठवली.

पुढचं सगळं पटापट झालं. तिचं खातं कायमचं बंद झालं. भिंगचं खातं त्याच्या सुरक्षेसाठी गोठवलं गेलं. वाचता येईल, लिहिता येणार नाही. त्या तारखेनंतरची त्याची सगळी संपादनं काढली गेली, त्यात तिच्या पानावरचा तो निरोपही गेला. तिच्या लेखांवर पिवळ्या पाट्या चढल्या. भिंगच्या पानावर मात्र लोकांनी ओळीने लिहिलं होतं की तुमचा मान आम्हाला ठाऊक आहे, झालं ते वाईट झालं, तुमच्या कामाला कोणी हात लावणार नाही. लेकीला हे कळलं तेव्हा ती औषधखिडकीवर रांगेत येऊन उभी राहिली आणि नंबर आल्यावर नुसती रडत राहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले. "जा बाळा," कपाट म्हणाली, "दुकान उघडं टाकून आलीस ना?"

तिने जाणं सोडलं नाही. लिहायचं काही उरलं नव्हतं, तरी दुपारी जाऊन ती त्या वरच्या खोलीत बसायची. भिंग आता बहुतेक वेळा तिला ओळखत नसे. पण माणूस मुळात अगत्याचा, त्यामुळे अनोळखी बाईलाही खुर्ची द्यायचा.

एका दुपारी ती गेली तेव्हा तो संगणकासमोर ताठ बसला होता. कान लाल झालेले. वाचता वाचता तो चौकशीच्या त्या पानावर जाऊन पोचला होता.

"बघा हो हे," तो म्हणाला. "बघा काय लिहिलंय! कपाटने म्हणे माझं खातं चोरलं."

ती दारातच थांबली. "तिने कबूल केलंय ना?" ती म्हणाली.

"केलं असेल! त्याने काय होतं? खोटं आहे ते. कोणीतरी तिच्याकडून वदवून घेतलंय. मी ओळखतो तिला. ती भांडेल, डोकं उठवेल, नाकावर टिच्चून स्वतःचं खरं करेल. पण दुसऱ्याच्या नावाने एक ओळ लिहिणार नाही. आणि हे सगळे शहाणे एका सुरात हो म्हणतायत! एकालाही शंका येऊ नये?"

इतक्या लोकांत एकालाही आली नव्हती, हे खरं होतं.

त्याने कळफलक ओढला आणि लिहायला लागला, पण पान काही त्याचं लिहिणं घेईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला लिहूच देत नाहीत. माझे हात चालत नाहीत की यांनी काही केलंय, कळत नाही. अहो, तुम्ही लिहाल का? मी सांगतो. तिच्या बाजूने कोणीतरी बोलायला नको का?"

ती त्याच्या शेजारी बसली. नुसता मजकूर टंकायचं एक कोरं पान तिने उघडलं. ते ज्ञानकोशाचं नव्हतं, कुठे जाणारही नव्हतं. तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. मधे मधे तो अडायचा, शब्द शोधायचा, सापडला नाही की टेबलावर हात आपटायचा. ती थांबायची. कपाट ही या कोशातली सर्वांत प्रामाणिक संपादक आहे, असं त्याने तिच्याकडून लिहून घेतलं. तिच्यावरचा आरोप मागे घ्यावा आणि तिची क्षमा मागावी, असं लिहून घेतलं. तिने ते सगळं त्याने सांगितलं तसं, एक अक्षर न बदलता लिहिलं.

"हे कोणाच्या नावाने जाणार?" त्याने विचारलं.

"तुमच्या."

"मग हरकत नाही," तो म्हणाला आणि मागे टेकला. "माझ्या नावाला तिथे किंमत आहे. माझं ऐकतात ते."

"हो," ती म्हणाली. "ऐकतात."

मग पुढे वाकून पडद्याकडे बघत त्याने विचारलं, "गेलं?"

"गेलं," ती म्हणाली.